नैवेद्य होऊ दे

माई तहानेला ओटीवर बसवून ठेवत. दारात आलेल्या माणसाला "बसा हो, आलेच" म्हणून आपण आत कामाला लागतो ना, तसं. तहान असो, भूक असो, अंगातला ताप असो की मोरीकडे जायची घाई, सगळ्यांना त्यांचं एकच उत्तर होतं: "नैवेद्य होऊ दे, मग बघू." आणि ही सगळी मंडळी मुकाट बसूनही राहत. निदान बरीच वर्षं राहिली.

माई म्हणजे माझ्या नवऱ्याच्या काकू. गुहागरला आमचं घर, मागे नारळी-पोफळीची वाडी, आणि त्या घरात बारा महिने राहणाऱ्या एकट्या माई. काका लवकर गेले, मुलगा जहाजावर. आम्ही खेडला असतो. गणपतीला सगळं कुटुंब गुहागरला जमतं, आणि लग्नानंतरच्या पहिल्याच गणपतीत मी माईंना सोवळ्यात पाहिलं. पहाटे विहिरीवर आंघोळ, अंगावर ओलेतं लुगडं, आणि चुलीपुढे जी बैठक मारली ती दुपारी देवापुढे पान मांडेपर्यंत. मोदकाच्या पाकळ्या इतक्या बारीक आणि झरझर पाडत की उकड निवायच्या आत पारी फुलासारखी उमलून मिटलेली असे. तोवर पाण्याचा थेंब नाही. पाणी प्यायलं की मोरीकडे जावं लागतं, मोरीकडे गेलं की सोवळं मोडतं, सोवळं मोडलं की पुन्हा आंघोळ, पुन्हा ओलेतं, आणि तेवढ्यात उकड गार होते. हिशेब अगदी सरळ होता. त्यात शरीर कुठेच धरलेलं नव्हतं.

बरं, हे गणपतीपुरतं नव्हतं. सोवळ्यातला स्वयंपाक करणारं आता गावात फारसं कोणी उरलेलं नाही. त्यामुळे कुणाचा कुलाचार असो, कुणाचं श्राद्ध, बोलावणं माईंनाच. माईंना त्याचा अभिमान होता. "माझ्या हातचं देव जेवतो हो," असं त्या म्हणत, आणि त्यात बढाईपेक्षा जबाबदारीच जास्त असे.

दुखणं कधी सुरू झालं ते त्यांनी कुणाला सांगितलं नाही. आम्हांला कळलं तोवर ते घरातलंच झालं होतं. माई त्याला "उन्हाळी" म्हणत. लघवीला जळजळतंय, सारखं जावंसं वाटतंय, थेंबभरही होत नाही, म्हणजे उन्हाळी लागली, अंगात उष्णता झाली. मग धने-जिऱ्याचं पाणी, सब्जा, शहाळं. हे सगळं अर्थात नैवेद्यानंतर. थंडी वाजून ताप भरला की गावातल्या डॉक्टरांच्या गोळ्या येत, आणि ताप उतरला की माई त्या बंद करत. उरलेल्या गोळ्या चहाच्या रिकाम्या डब्यात जात. का, तर गोळ्या उष्ण. उष्णतेच्या दुखण्यावर उष्ण औषध पोटात कशाला घालायचं? शेजारणीला तसलंच काही झालं तर त्यातल्या दोन तिलाही मिळत. एकदा मी तो डबा ओट्यावर पालथा केला. "माई, हे काय?" म्हणाले. तर म्हणाल्या, "अगो, टाकवत नाहीत. पैसे पडलेत त्याला."

मी नीटनेटकी बाई आहे. कामाची यादी केल्याशिवाय मला सकाळचा चहा गोड लागत नाही. माई मला "चिटणीस" म्हणत. मी फाटकातून आत आले की आतून आवाज यायचा, "आल्या हो चिटणीसबाई! आज कुणाचा निकाल लावणार?" मी ठरवलं, हे दुखणं निकालात काढायचं. चिपळूणच्या एका डॉक्टरीणबाईंकडे त्यांना घेऊन गेले. माई त्यांच्याशी थेट बोलेनात. त्या तरुण मुलीसमोर बसून सगळं माझ्या कानात सांगत, "सांग गो तिला, सुरी फिरवल्यासारखं होतं म्हणावं." मी सांगायची. डॉक्टर हसून म्हणाल्या, "आजी, मला मराठी येतं." माई पुन्हा माझ्या कानात, "येतं म्हणते, पण वय काय तिचं? तिला कशाला असलं ऐकवायचं?"

तपासण्या झाल्या. मूत्राशय पूर्ण रिकामं होत नव्हतं. लघवी मागे राहते, तिच्यात जंतू वाढतात, आणि जुन्या गोळ्यांना ते आता दाद देत नाहीत. कल्चरच्या रिपोर्टावर औषधांच्या नावांपुढे "लागू नाही, लागू नाही" असंच खालपर्यंत. मी विचारलं, हे पाणी तोडल्यामुळे, धरून ठेवल्यामुळे झालं का? डॉक्टर म्हणाल्या, "भर पडली असेल. पण या वयात बायकांना हे तसंही होतं. एकाच गोष्टीवर बोट नाही ठेवता येणार." मला हे उत्तर मुळीच आवडलं नाही. बोट ठेवता आलं तर तिथून काम सुरू करता येतं.

त्यानंतर माईंचं जग आकसत गेलं. लग्नाचं बोलावणं आलं की त्यांचा पहिला प्रश्न, "मोरी जवळ आहे ना?" कार्यात त्या दाराशेजारची खुर्ची धरून बसत. पंगतीतून मधेच उठावं लागेल म्हणून पंगतीलाच बसेनात. कीर्तनाला जाणं सुटलं. लुगड्याखाली जुन्या धोतराच्या घड्या घेऊ लागल्या. त्या घड्या स्वतः धुऊन वाडीत मागच्या बाजूला, पोफळीच्या आड वाळत घालत. मी बाजारातून त्यासाठी मिळतात ते पॅड आणले, तर पाकीट उलटंसुलटं करून म्हणाल्या, "पोरांच्या बारशाला मी लंगोट शिवले. आता माझे तू आण."

माहेर त्यांचं आंजर्ल्याचं. कड्यावरच्या गणपतीला एकदा जाऊन यायचं त्यांच्या मनात होतं. एसटीचा प्रवास आता होणार नव्हता, म्हणून मी आमच्या गाडीने न्यायचं ठरवलं. वाटेत कुठे कुठे ओळखीची घरं आहेत ते पाहून ठेवलं, फोन करून ठेवले. दाभोळच्या खाडीपर्यंत सगळं माझ्या आखणीप्रमाणे झालं. धोपाव्याला पोचलो तर फेरीबोट नुकतीच पलीकडे गेलेली. ऊन, पुढे-मागे गाड्यांची रांग, आणि आडोसा कुठेच नाही. माई खिडकीतून पाण्याकडे बघत होत्या. दोनदा मी विचारलं, "माई, बरं आहे ना?" दोन्ही वेळा मान हलवली. बोट अलीकडे येऊ लागली तेव्हा हळूच म्हणाल्या, "अगो, गाडी मागे घे."

मी वळून पाहिलं. त्यांनी शाल मांडीवर ओढून घेतली होती. सीट भिजली होती.

"माई, काही नाही, पलीकडे माझ्या मैत्रिणीचं घर आहे, तिथे कपडे बदलू आणि पुढे जाऊ."

"अशा अंगाने देवाला जायचं? घे मागे."

गुहागर जवळ आलं तरी त्यांनी मांडीवरची शाल घट्ट धरलेली होती. मग म्हणाल्या, "चिटणीस, एवढं तेवढं यादीत नको हो लिहू." मी हसायचा प्रयत्न केला. गाडी घरापाशी थांबल्यावर त्यांनी आधी विहिरीवरून बादली आणली आणि स्वतः सीट पुसायला लागल्या. मी हातातून फडकं घ्यायला गेले तर त्यांनी ते सोडलं नाही.

पुढच्या गणपतीआधी मी सोवळ्यालाच हात घातला. आमचे बापूभटजी घरोब्यातले. त्यांच्याकडून मी वदवून घेतलं. ते ओटीवर बसून स्वच्छ म्हणाले, "माई, पाणी प्या, वाटेल तेव्हा मोरीकडे जा, हातपाय धुवा नि कामाला बसा. देवाला चालतं."

"देवाला चालतं हो बापू," माई म्हणाल्या, "मला नाही ना चालत."

शेवटी तडजोड झाली. माई पाणी पिणार, वेळेवर उठणार, आणि दर वेळी पुन्हा आंघोळ करणार. त्या सकाळी त्यांनी किती वेळा विहीर गाठली ते मी मोजलं नाही. दर वेळी ओलेतं नेसून, गारठलेल्या बोटांनी पुन्हा उकडीला हात. माझी जाऊ म्हणाली, "आम्ही वळतो ना मोदक," तर तिला, "तुझ्या मोदकाला नाक नसतं, बस गप." नैवेद्याला उशीर झाला. पोरं भुकेने रडकुंडीला आली. पण पान मांडलं गेलं, घंटा वाजली, आणि माई माझ्याकडे बघून म्हणाल्या, "झालं ना तुझ्या मनासारखं?" मला वाटलं, जिंकलो.

त्यानंतर माईंनी सगळं केलं. गोळ्या शेवटच्या दिवसापर्यंत घेतल्या, डबा रिकामा ठेवला, तहान नसताना पाणी प्यायल्या. फोनवर मी विचारायच्या आधीच सांगत, "प्यायले गो, प्यायले. आता माझी विहीर झालीय." आणि पितृपक्षात पुन्हा ताप भरला. तो उतरला, तर थंडीत पुन्हा. मग शिमग्याला पालखी दारात आली तेव्हा पाया पडायला उठताही येईना. दर खेपेला चिपळूण, दर खेपेला नवं इंजेक्शन, आणि ते आधीच्यापेक्षा भारी. मी डॉक्टरांना विचारलं, आमचं चुकतंय कुठे? त्या म्हणाल्या, "कुठेच नाही. सगळं नीट करूनही हे होतं कधी कधी." माई शेजारीच बसल्या होत्या. त्या दिवशी पहिल्यांदाच त्या माझ्या कानात बोलल्या नाहीत. सरळ माझ्याकडे बघून मोठ्याने विचारलं, "मग आता?"

लोक मला विचारतात आणि मी सांगते, अशी माझी उभ्या आयुष्यातली सवय. गॅस कनेक्शन कुठे मिळेल, मंगल कार्यालय कुठलं बरं, कुणाची बदली कशी थांबेल. माईंनी विचारलं, आणि मी त्यांच्या खांद्यावरचा पदर नीट केला. तो नीटच होता.

शेवटच्या गणपतीला माई चिपळूणच्या दवाखान्यात होत्या. जंतू रक्तात गेले होते, मूत्रपिंडं थकली होती. मी त्यांच्याजवळ, बाकी सगळे गुहागरला. सकाळी मला दिसलं की माई मनाने दवाखान्यात नाहीतच. सिस्टर नाडी बघायला आल्या तर माईंनी हात आखडून घेतला. "शिवू नकोस हो! सोवळ्यात आहे, दिसत नाही?" ओठ सुकून सालपटं निघालेली, आणि पेला पुढे केला की तोंड घट्ट. "नैवेद्य व्हायचाय." डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाल्या, की तापामुळे असं भ्रमिष्ट होतं. सलाइन चालू आहे, पण तोंडाने थोडं पाणी गेलं तर बरं.

मी म्हणाले, "माई, झाला नैवेद्य."

"घंटा कुठे वाजली?"

मी घरी फोन लावला. नवऱ्याने उचलला. घंटा वाजव म्हणाले, तर तो म्हणतो, "अगं, आत्ता कुठे प्राणप्रतिष्ठा चाललीय, मोदक चुलीवर आहेत. खोटी घंटा कशी वाजवू?" माझा आवाज चढला असणार, कारण पलीकडून बापूभटजी ऐकू आले, "काय म्हणतायत? द्या इकडे." मी त्यांना सांगितलं. मग बापू म्हणाले, "नैवेद्य काय, गूळखोबऱ्याचाही होतो. खोटं कशाला करायचं? फोन त्यांच्या कानाशी धरा."

मी धरला. घंटा वाजली. बापूंचा आवाज आला, "प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, व्यानाय स्वाहा..." माईंचे डोळे मिटले होते, पण सलाइन नसलेला हात उचलून त्यांनी जोडल्यासारखा छातीवर ठेवला.

"मोदक फुटले नाहीत ना गो?"

"एकही नाही."

"मग दे."

अर्धा पेला पाणी प्यायल्या. मधे थांबल्या, श्वास घेतला, पुन्हा प्यायल्या. हनुवटीवरून ओघळलेलं मी पुसलं. मला वाटलं, आता उतार पडेल. तसं काही झालं नाही. त्या घरी आल्या, पुन्हा दवाखान्यात गेल्या, पुन्हा आल्या, आणि दिवाळीचे कंदील लागायच्या आत गेल्या.

आता गुहागरला मोदक माझी जाऊ करते. नाक येत नाही. चूल पेटवायच्या आधी मी पाण्याची कळशी स्वयंपाकघरात आणून ठेवते आणि आत असलेल्या प्रत्येक बाईला पेला भरून देते, सोवळ्यातली असो की ओवळ्यातली. याने काही होतं, असं मी म्हणत नाही. माईंचं काही टळलं नाही. थोरल्या आतेसासूबाई दरवर्षी दारात उभ्या राहून म्हणतात, "नैवेद्याआधी?"

पहिला पेला मी पिते. त्यांच्या देखत, शेवटपर्यंत. नैवेद्य अजून व्हायचा असतो.