पदकाच्या कडेवरचं नाव

दोन हजार चारच्या सुमाराला मी अमेरिकेत, टेक्ससमधल्या प्लेनोला मुलीकडे राहायला गेले. शेजारी ऐंशीच्या एक बाई होत्या, नजर जवळजवळ गेलेली. मुलगी ऑफिसात गेली की दुपारी आम्ही दोघी त्यांच्या पोर्चमध्ये. माझं इंग्रजी मोडकंतोडकं, पण त्या ऐकून घ्यायच्या हो.

त्यांच्या हातात कायम आजोबांची पदकं. आजोबा व्हिक्टोरिया राणीच्या आरमारात खलाशी होते. तोफगोळ्याचा तुकडा मांडीत शिरला, आरमार सुटलं. पुढे लंडनला आगीच्या बंबावर लागले. "लंगडत शिडी चढायचे, दोरखंडाची सवय ना!" बाई हसून सांगायच्या. सांगताना अंगठ्याचं नख चांदीच्या पदकाच्या कडेवरून फिरत असायचं. मला वाटे, चाळा असेल, आपण माळ ओढतो तसा.

एकदा म्हणाल्या, "याची रिबीन उसवलीय, शिवून देशील?" मी मेली जन्मभर साड्यांना फॉल लावणारी, मला काय अवघड? घरी आणून चार टाके घातले. पण पदकावर राणीचा चेहरा बघितला आणि हात शिवशिवले. आमच्याकडे लक्ष्मीपूजनाचे राणीछाप रुपये दर दिवाळीला रांगोळीने घासायचे. हे तर काळंकुट्ट पडलेलं! गावाहून आणलेली रांगोळी होतीच. जुना टूथब्रश घेतला, दुपारभर घासलं. लखलखीत!

संध्याकाळी मुलीला कौतुकाने दाखवलं. तिने कड निरखली.

"आई, इथलं नाव कुठंय?"

"कसलं नाव?"

"त्यांच्या आजोबांचं! अगं, तेच तर त्या नखाने वाचतात."

भिंग आणलं. मुळात झिजलेलंच असणार. आता एका अक्षराची शेपटी तेवढी उरली होती.

"उद्या सांग त्यांना."

"सांगते की."

दुसऱ्या दिवशी पदक हातात दिलं. नख एकदा फिरलं, दोनदा फिरलं, थांबलं.

"हे आमचंच ना?"

"तुमचंच," मी म्हटलं. "शाइन केलं."

"किती गं चांगली तू," म्हणाल्या, आणि बोटांची टोकं एकमेकांवर चोळत बसल्या.

मुलीला म्हटलं, इंग्रजीत सांगता नाही आलं गं. वर्षभरात त्या लेकाकडे दुसऱ्या गावी राहायला गेल्या. खरं सांगू? 'नेम' येत होतं मला, 'सॉरी'सुद्धा येत होतं. नजर गेली, आता बोटंही गेली, असंच समजल्या असतील त्या. आणि मी समजू दिलं.