बाळंतिणीचं डोकं आणि सालोमीची गाठ

...तर सालोमी सुईण हातातलं काम टाकून बॅप्टिस्टच्या घरी निघाली, इथवर काल आलो होतो. निर्मळ गावातली निम्मी पोरं तिच्याच हातची, पण बाई मूळची अर्नाळ्याच्या कोळ्यांतली. बाळंतिणीच्या कानात वारं शिरू नये म्हणून डोक्याला फडकं बांधायची आणि गाठ मारायची ती थेट खुंट्याला होडी बांधतात तशी. ती गाठ आपणहून सुटल्याचं कुणाच्या ऐकिवात नाही.

बॅप्टिस्टची बायको रिटा परवाच तिच्या हातून मोकळी झालेली. आता तिचं डोकं असं ठणकत होतं की बाळाला पाजायला मान वाकवेना. बॅप्टिस्टनं बैलगाडी जुंपून ठेवलेली; दुपारपर्यंत उतार पडला नाही तर गचके खात वसईचा दवाखाना.

सालोमीनं आल्या आल्या आधी रिटाच्या अंगाला हात लावला. ताप नव्हता. पायावर बोट दाबलं, सूज नव्हती.

"डोल्यापुढं अंधारी येते काय गं?"

"नाय," रिटा पुटपुटली.

सालोमीचा जीव भांड्यात पडला आणि जीभ सुटली. "मग शेगडीचा धूर."

"शेगडी कालच भायेर काढली," सासू इझाबेल म्हणाली.

"मग चा तोडला असशील."

"माज्या वाटचा पन तीच पिते."

"मग झोप नाय."

"झोप कशी लागंल? ठनका उतरावा म्हनून मी सारखा डोक्यावर आंबट शिरका ओतते ना."

"फडक्यावरनंच?"

"तुजी गाठ कोन सोडनार, बाय?"

सालोमीनं फडकं चाचपलं. एरवी ती जुन्या लुगड्याची मऊ पट्टी बांधायची. पण तेव्हा कापडाचं कंट्रोल, नवं कापड मिळायचं ते मोजूनमापून. जुनी लुगडी बायका अंगावरच झिजवत होत्या. म्हणून तिनं रेशनचं कोरं मांजरपाट बांधलेलं. कोरं मांजरपाट भिजलं की आटतं आणि सालोमीची गाठ भिजली की आवळते. त्या दोघांच्या मधे बिचाऱ्या रिटाचं डोकं.

गाठ सोडताना सालोमीचं नख तुटलं. शेवटी दात लावले तेव्हा फडकं निघालं. कपाळावर लालभडक वळ. रिटानं डोळे मिटून लांब श्वास सोडला, थोड्या वेळानं मान वाकवली आणि बाळाला पदराखाली घेतलं. ते बघून बॅप्टिस्ट बैल सोडायला गेला.

इझाबेलनं कमरेवर हात ठेवले. "म्हंजे दुखनं तूच बांधून गेलेलीस, सालोमी."

सालोमीनं फडकं पिळलं, त्याचा शिरक्याचा आंबट वास घेतला आणि म्हणाली, "बांधलं मी, सोडलं मी. मदी लोनचं कुनी घातलं, इझाबेलबाय?"