गाडी गार असताना तपासू नका

...आणि वर मलाच सांगता, "मॅडम, थोडे दिवस चालवून बघा." काय बघू अजून? बघून बघूनच तुमच्या सर्व्हिस सेंटरला आले ना. तीन वेळा गाडी आणली, तीन वेळा कॉम्प्युटर जोडला, तीन वेळा एकच उत्तर... फॉल्ट दिसत नाही.

दिसणार कसा? तुमच्याकडं गाडी गार असते. तुमचा माणूस बसतो, आवारात दोन चकरा मारतो आणि चावी परत देतो. लेण्याद्रीच्या पायथ्याला आमचं घर, तिथून निघते तेव्हाही ती अशीच गुणाची असते.

जुन्नर सोडून घोडेगावच्या रस्त्याला चढ लागला, गाडी तापली, की थरथर सुरू. ॲक्सिलेटर दाबला की इंजिनाचा काटा वर पळतो, आवाज वाढतो, आणि गाडी रांगतेय... मागं कांद्याचा ट्रक हॉर्न वाजवतोय. तुम्ही म्हणता, सीव्हीटीचा, म्हणजे या बिनक्लचच्या गिअरबॉक्सचा, आवाज असाच असतो. पाच वर्षं मीच चालवतेय, तिचा आवाज मला कळतो.

ग्रुपवर ज्यांना माहीत नाही त्यांना सांगते. आमचे हे मंगळवारी आणि शुक्रवारी मंचरला डायलिसिसला जातात. माझ्या डाव्या पायात लहानपणापासून जोर नाही, क्लच दाबवत नाही. म्हणून ही बिनक्लचची गाडी घेतली आणि पंचेचाळिशीत शिकले. घरात दुसरं चालवणारं कोणी नाही.

डायलिसिस झालं की माणूस पिळून काढल्यासारखा होतो. येताना हे मागच्या सीटवर पडून असतात. काल चढाला गाडी थरथरली तसे उठून बसले. म्हणाले, "बंद पडली तर मला ढकलता यायची न्हाई गं."

मी म्हटलं, गप पडा. पण घामानं स्टिअरिंग हातातून निसटत होतं. घरी आल्यावर यांना आत झोपवलं आणि मी परत येऊन गाडीतच बसले. उगाच...

आज सकाळी जुन्नरच्या गायकवाड मिस्त्रींकडं गेले. त्यांनी कॉम्प्युटर लावला नाही. शेजारी बसले आणि म्हणाले, चला काकू, चढापर्यंत. थरथर आली तशी मान हलवली.

मग समजावून सांगितलं. या गाडीत नेहमीसारखे दाते असलेले गिअर नसतात. दोन पुल्या आणि एक लोखंडी पट्टा, गिरणीसारखा. तो पट्टा तेलावर जगतो, आणि इंजिन चालू असेल तरच पंप ते तेल फिरवतो.

"काकू, ही कधी ओढत न्हेली व्हती का?"

मी म्हटलं, न्हाई. तोंडावर खोटं बोलले.

आता सगळ्यांसमोर खरं सांगते. दिवाळीच्या आधी दिराबरोबर बेल्ह्याच्या बाजारात म्हैस बघायला गेले होते. निघताना गाडी चालू होईना, टाकीतला पेट्रोलचा पंप गेला होता. बाजारात माणसांना काय तोटा... एका व्यापाऱ्यानं जनावरं बांधायचा दोर काढला आणि गाडी आपल्या टेम्पोला बांधली.

"न्यूट्रलला टाका वैनी, आन् निवांत बसा." दुसरा म्हणाला, "लई गरीब जनावर हाय राव, शिंग बी मारत न्हाई." मी पण हसले. तशीच आळेफाट्याच्या गॅरेजपर्यंत नेली. आमच्याकडं बंद पडलेली गाडी अशीच नेतात. जीप नेतात, पिकअप नेतात, त्यांना काही होत नाही. हिचं वेगळं असतं हे कुणाला माहीत?

सर्व्हिस सेंटरला हे मी कधीच सांगितलं नाही. सांगितलं असतं तर सगळंच माझ्या गळ्यात मारलं असतं, ही भीती. यांना पण बोलले नाही. त्यांच्या जिवाला आधीच काय कमी आहे...

मिस्त्रींकडून निघताना मात्र राहवलं नाही, सांगून टाकलं. ते चिडले नाहीत. म्हणाले, "तेवढा येळ पट्टा कोरडा घासला, काकू. पण समदं त्यानंच झालं असं मी म्हणणार न्हाई. तेल कवा बदललंय?"

मी म्हटलं, सर्व्हिसवाले म्हणतात तेल सीलबंद आहे, जन्मभर बदलायला लागत नाही.

"कुणाच्या जल्मभर?" म्हणाले आणि हसले. मला हसू आलं नाही. आपल्या चढाला, उन्हाला हे तेल बदलावंच लागतं म्हणे. मी म्हटलं, मग तुम्हीच बदला. तर म्हणाले, "मी हात लावत न्हाई. ह्याचं तेल येगळं असतंय. दुसरं पडलं तर हाय ती बी जाईल." मला येत नाही, असं तोंडानं सांगणारा मिस्त्री मी पहिल्यांदा बघितला. बरं वाटलं मला त्याचं.

तर आता सर्व्हिस सेंटरवाल्यांनो, तुमची माणसं हा ग्रुप वाचतात हे मला माहीत आहे. गाडी ओढली मी, लपवलं पण मी. माझी चूक मी इथं लिहिली, सगळं गाव वाचेल. आता तुमचं तुम्ही सांगा. पाच वर्षांत त्या तेलाला एकदा तरी कुणी हात लावला का?

आणि उद्या तुमचा माणूस पाठवा. आवारात नाही, माझ्या शेजारी बसून, चढ संपेपर्यंत.

आज बुधवार. उद्या गुरुवारी संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी उत्तर पाहिजे. नाही म्हणालात तर मला यांच्यासाठी दुसऱ्याची जीप बघायला वेळ लागेल, म्हणून पाच. शुक्रवारी सकाळी सातला या गाडीत यांना बसवू का नको? एवढंच लिहा, आणि खाली सही करा.