लाल ठिपका

किल्लीवाल्याने शहरातली खोली सोडली ती लेकीसाठी. तिथे पोर नुसती शिंकली तरी शेजारच्या काकू दार ढकलून आत यायच्या, आणि त्याचं डोकं फिरायचं. “उपनगरात मोकळी हवा, आणि कुणाची लुडबुड नाही,” तो बायकोला ऐटीत म्हणाला. लुडबुड खरंच संपली. दुपारी गल्लीत चिटपाखरूही नसायचं. दहा वर्षांची लेक शाळेतून यायची, आपल्या किल्लीने दार उघडायची आणि आईबाप कामावरून येईपर्यंत एकटी असायची.

नाक्यावरचं त्याचं किल्ल्या बनवायचं नवं दुकान जोरात चालायचं. गिऱ्हाइकाने नक्कल करायला आणलेल्या किल्लीवर तो आधी लाल रंगाचा ठिपका द्यायचा, म्हणजे अस्सल आणि नक्कल यांची गल्लत नको. “आपण काम बघतो, गिऱ्हाइकाचं तोंड नाही,” असं फुशारकीने सांगायचा.

त्या संध्याकाळी लेक दारातच म्हणाली, “बाबा, सकाळी माझी किल्ली हरवली होती. पण दुपारी एक काका घरीच आणून देऊन गेले. किती चांगली माणसं आहेत ना इथली!”

त्याने किल्ली हातात घेतली. तिच्यावर लाल ठिपका होता, अजून बोटाला लागणारा.

किल्लीवाला सकाळपासूनची गिऱ्हाइकं आठवू लागला. ही किल्ली आणणारं गिऱ्हाईक म्हातारं होतं की तरुण, काही केल्या आठवेना. आठवत होते फक्त त्याचे शब्द: “दोन करा.”