नव्या माशांचा टब आणि ओली जाळी

मासे पाळणाऱ्या मंडळींनो, आज माझा स्वतःवरचाच विश्वास उडालाय.

रविवारी आळेफाट्याहून दोन गोल्डफिश आणले. दुकानदार म्हणाला, "लई टणक हायेत राव, डायरेक्ट टाकीत सोडा." त्याच्या घाईचाच मला संशय आला. म्हणून काही रोग असला तर आधीच कळावा, यासाठी तीन आठवडे मासे वेगळ्या टबात ठेवायचं ठरवलं.

आज सकाळी आहुप्याहून आत्या आली. टब बघून म्हणाली, "पावणं दारातच बसवलंत व्हय रं? घरात घ्या की त्यास्नी!"

दुपारी नव्या माशांच्या शेपटीवर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके दिसले, म्हणजे पाण्यातून पसरणारा रोग. मोठ्या टाकीजवळची जाळी ओली होती. मी आत्याकडे वळलो. "जाळीला हात लावलास?"

"म्या न्हाई बाबा. मघाशी तूच त्या जाळीनं टबातली घाण काढलीस, अन् मग टाकीतली."

खरं होतं. टब वेगळा ठेवला, जाळी मात्र एकच वापरली.

मोठ्या टाकीत लेकीचा सहा वर्षांचा गोल्डफिश आहे. अजून तो धडधाकट दिसतो, पण मला त्याचा प्रत्येक चमकता खवला ठिपकाच वाटतोय.

संध्याकाळी लेक शाळेतून येईल. तुम्ही तिला आजच सांगितलं असतं, की खरा ठिपका दिसेपर्यंत थांबला असता?