आमच्या वाळूत बिजलीघर

मालकानं माझं मनगट वाळूवर दाबलं आणि त्यावर जोडा ठेवला. कातडी जोडा, टाचेला नाल ठोकलेली. वाळू ओली होती म्हणून हाड मोडलं नाही, एवढंच. त्याच्या माणसानं माझा अंगठा पकडला, शाईत बुडवला, कागदावर दाबला. अंगठा सरळ होईना तेव्हा मागं वाकवला. मी किंचाळले. शे-दीडशे माणूस उभं होतं. कोणी हललं नाही. माझा बाप अगदी पुढं होता. तोही हलला नाही.

"आता जाय," मालक म्हणाला. "अन् पदर सावर. लाज नाई का तुले?"

माझा पदर त्यानंच ओढला होता.

मी ढीवराची, मासे धरणाऱ्या आणि डोंगे चालवणाऱ्या जातीची. वैनगंगेच्या या काठाला आमचं गाव, पलीकडे मार्कंड्याचं देऊळ. शिवरात्रीच्या जत्रेला पोंभुर्ण्याकडची माणसं आमच्या डोंग्यातूनच पार जायची. मालक म्हणजे गावचा जुना मालगुजार, जमीनदारच. मालगुजारी कायद्यानं गेली होती, पण ती कागदावरून गेली. गावाच्या पाठीतून गेली नव्हती. तो समोरून आला की माझा बाप अजूनही कमरेत वाकायचा, आणि तो निघून गेला तरी थोडा वेळ तसाच राहायचा.

मी तेव्हा तेवीस-चोवीसची असेन. नवरा तापानं गेला, सासरच्यांनी हाकललं, मी बापाकडे आले. माझं स्वतःचं असं एकच होतं, डांगरवाडी. पूर ओसरला की नदी वाळू उघडी टाकते. त्या वाळूत आम्ही बाया खड्डे करायचो, शेणखत भरायचो, टरबुजं आणि डांगरं लावायचो. जत्रेपासून उन्हाळाभर येणारी-जाणारी माणसं ती घ्यायची. त्यावर माझं वर्ष निघायचं. कोणापुढं हात पसरावा लागत नव्हता.

वाळूचा कागद नसतो. दरवर्षी पुरानं ती वेगळ्या जागी पडते, कागद कशाचा करणार? आमचा कायदा साधा होता. पाणी उतरल्यावर जो आधी जाऊन निशाण रोवेल, तेवढी वाळू त्या वर्षी त्याची. निशाण म्हणजे निरगुडीची फांदी आणि तिला बांधलेली चिंधी. दुसऱ्यानं ते उपटायचं नाही. उपटलं तर जात बाहेर टाकते. सख्ख्या बहिणी वाळूवरून एकमेकींच्या झिंज्या ओढताना मी पाहिल्यात, पण निशाणाला हात लावलेला पाहिला नाही.

याच कायद्यानं आम्हाला बुडवलं.

त्या वर्षी पाणी नुकतं उतरत होतं आणि एक साहेब आला. काठावर तंबू पडला. त्याच्या माणसांनी तीन पायांची दुर्बीण लावली, आणि उंचवट्याच्या सगळ्या चांगल्या वाळूत लाल झेंड्या रोवल्या. आमच्या आधी. आम्ही बाया फांद्या घेऊन गेलो तर वाळू साहेबाची झालेली. आम्ही काय केलं? हसलो. "साहेब टरबुजं लावून राह्यला वं!" म्हणून पोट धरून हसलो, आणि मागं सरलो. कडेच्या भरड रेतीत वाड्या केल्या, जिथं वेल धड वाढत नाही. झेंडी रोवणाऱ्याला आमचा कायदा ठाऊकच नाही, हे एकीच्याही डोक्यात आलं नाही. सगळ्यात मोठ्यानं मी हसले होते. ते आठवलं की अजून स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटते.

दिवाळी झाल्यावर हमीदाबी आली. चांद्याची चुड्या भरणारी, गावोगाव फिरायची. माझ्या हातात भरायला काही नव्हतं, तरी उतरायची माझ्याकडेच. झेंड्या कसल्या म्हणून तिनं विचारलं. मी मजेनं सांगितलं. ती कपाळाला हात लावून बसली.

"पागल झाल्या का तुमी? ते बिजलीघर बांधून राह्यले इथी. माहा भाऊ असल्याच बिजलीघरात कोयसा टाकते. नदीचं पानी घेतेत अन् गरम करून सोडतेत. मासोळी मरते. राख पडते बाई, परातीतल्या पिठावर. चारी बाजूनं तार. मंग जत्रा कुठून जाईन?"

मी धावत बापाकडे गेले. तो जाळं विणत होता. त्यानं मान वर केली नाही. "मालकाले माहीत असन," म्हणाला.

मालकाला माहीत होतंच. विटा, गिट्टी, बैलबंड्या, मजूर, सगळ्याचा ठेका त्याच्या घरात जायचा होता.

पौषात त्यानं गाव वाळूवर बोलावलं. साहेब खुर्चीवर बसला. मालकानं कागद वाचला. झेंड्यांच्या आत कोणाची वहिवाट नाही. कोणी पीक घेत नाही. जत्रेची वाट दुसरीकडून न्यायला गाव राजी आहे. मग त्यानं हात पसरून वाळू दाखवली. "पाहा साहेब, रिकामी हाय का नाई?"

रिकामी होती. आम्हीच सोडली होती, रीत पाळून.

एकेक जण जाऊन अंगठा देऊ लागला. माझा बाप गेला, वाकला, देऊन आला. माझं नाव पुकारलं. मी जागची हलले नाही.

"वाळू रिकामी नाई," मी म्हणाले. "झेंड्या दिसल्या म्हणून आमी सोडली. साहेबाले आमची रीत सांगा."

साहेबानं मालकाला विचारलं, "ही बाई काय म्हणते?" साहेबाला मराठी येत होती. मी बोलले ते त्याला कळलं होतं. तरी त्यानं मालकाला विचारलं.

"रांडमुंड बाई हाय साहेब. डोस्कं फिरलं तिचं."

साहेबानं चष्मा काढला आणि रुमालानं पुसायला घेतला. म्हणाला, "लवकर आटपा."

मग मालकानं पदर धरला. मग केस. मग वाळू. पुढचं सांगितलंच आहे. तेवढा वेळ साहेब चष्मा पुसत होता. मारणाऱ्याचा राग येतोच, पण त्या चष्मा पुसण्यानं माझं जे झालं ते जोड्यानं झालं नाही.

घरी बापानं हळद कालवून आणली. "काऊन बोलली वं माय? आपन गरीब मानसं." मी हळदीची वाटी त्याच्या छातीवर फेकून मारली. मला त्याचा पश्चात्ताप नाही. आजही नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर मी वाळूत गेले. निशाणाला हात घालणं म्हणजे काय ते मला ठाऊक होतं. उजवा हात सुजून भोपळा झालेला. डाव्या हातानं पहिली झेंडी उपटली. मग दुसरी, तिसरी. चौथीला मालकाचा माणूस आला. तोच, अंगठा वाकवणारा. त्यानं पाठीत काठी घातली. मांडीवर घातली. मी पडले. त्यानं आईवरून शिवी दिली आणि पुन्हा काठी उचलली.

झेंडीचा खुंट माझ्या हातात होता. सागाचा, टोक तासलेलं. मी उठून त्याच्या तोंडावर हाणला. दात तुटल्याचा आवाज आला. रक्त त्याच्या सदऱ्यावर उतरलं. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटलं. फार बरं वाटलं. तो खाली बसल्यावर मी आणखी दोनदा हाणलं.

काठावर पाण्याला आलेल्या बाया उभ्या होत्या, तशाच, कालच्यासारख्या.

"पायता काय भवान्यांनो?" मी ओरडले. "उपटा!"

म्हातारी सोनाबाई आधी उतरली. तिचा नवरा जातीचा पंच. तिनं घागर ठेवली, कासोटा आवळला आणि झेंडीला दोन्ही हात घातले. मग सगळ्या धावल्या. दुपारपर्यंत वाळूत एक झेंडी उरली नाही. मालकाची माणसं काठ्या घेऊन आली. डोकी फुटली. आमची जास्त फुटली. सोनाबाईचा हात कोपरात मोडला, तो पुढं कधी सरळ झाला नाही. तेवढ्यात माझ्या बापानं सगळे डोंगे पलीकडे नेऊन बांधले. डोंग्यावाचून साहेबाचं सामान चार दिवस काठावर पडून राहिलं. बापानं जन्मात केलेलं तेवढंच एक काम.

चौकशीला तहसीलदार आला, चावडीत बसला. कागद दाखवून म्हणाला, "हा अंगठा तुझाच ना?"

"अंगठा माहा हाय. मी देल्ला नाई. घेतला. तसं लिवा."

त्यानं लिहिलं नाही. शिपायानं मला दंड धरून बाहेर काढलं. मी पुन्हा आत गेले. पुन्हा काढलं. तिसऱ्यांदा आत जाऊन मी त्याच्या मेजाचा पाय धरून बसले, तेव्हा लिहिलं. मी म्हटलं, वाचा. मोठ्यानं वाचा. त्यानं वाचलं.

दात पाडले म्हणून मी चांद्याच्या तुरुंगात तीन महिने काढले. मालकाला कोणी काही विचारलं नाही.

सुटून आले तेव्हा तंबू गेलेला होता. वाळूवर तंटा आहे असं कागदावर चढलं, म्हणून बिजलीघर दुसरीकडे होणार, असं कळलं. गाव मार्कंड्याला नारळ फोडायला निघालं होतं. मालकच पुढं, ठेका गेला तरी. देवानं वाचवलं म्हणे. जातीनं मला एकटीला बाहेर टाकलं होतं. पहिलं निशाण तू उपटलं, माफी माग, म्हणत होती. मी मागितली नाही.

"कुठी पायली त्यायनं जागा?" मी एकेकाला विचारलं. कोणाला माहीत नव्हतं. कोणाला पडलीही नव्हती. आपल्या ताटात राख पडणार नाही, एवढ्यावर गाव खूश होतं. हमीदाबीनं चौकशी करून गावाचं नाव सांगितलं. दोन दिवसांची पायवाट. तिथंही नदी होती.

मी भाकरी बांधल्या. बाप दारात आडवा झाला. "दुसऱ्याच्या गावात तुले का करा लागते?" मी त्याला ओलांडून बाहेर पडले.

पोचले तेव्हा त्या गावच्या बाया घाटावर धुणं धूत होत्या. एकीनं विचारलं, "कोनाकडची पाव्हनी होय बाई?"

"कोनाचीच नाई," मी म्हणाले. "इथी बिजलीघर येऊन राह्यलं, मारामारी होईन. त्याच्यासाठी आली. पयला हात त्यायचा पडन. दुसरा आपला पडला पायजे."