बंद घरांचे काका

जयपुरातलं मराठी माणूस गावी निघालं की आधी तिकीट काढत नाही. आधी तिलक नगरातल्या आमच्या शेजारच्या काकांना विचारतं. बँकेतून निवृत्त झालेले हे एकटे गृहस्थ लोकांची बंद घरं सांभाळतात. झाडांना पाणी घालून परतणं म्हणजे सांभाळणं नव्हे. "मालक गेल्याचं घराला कळता कामा नये. मतलब, कळलं की ते खचतं," असं त्यांचं ठाम मत. म्हणून खातीपुऱ्यातल्या फौजी घरात ते बूट वाजवत फिरतात आणि सी-स्कीममधल्या गाणाऱ्या बाईंकडे तंबोऱ्याचं यंत्र लावून ऐकता ऐकता डुलक्या घेतात. एका नव्या जोडप्याकडे तर, घराची सवय मोडू नये म्हणून, ते एकटेच भांडले. चौकीदार धावत आला, तेव्हा दार किलकिलं करून म्हणाले, "कुछ नहीं भैया, घर की बात है." दुपारी मात्र पडदे ओढून, परक्या खुर्चीत डोळे अर्धवट मिटून असे बसतात, की त्यांना हाक मारायला जीव होत नाही.

गेल्या उन्हाळ्यात साताऱ्याला भावाकडे आई अत्यवस्थ झाली आणि आम्ही तसेच निघालो. किल्ली देताना मी काकांना फक्त विरजण जपायला सांगितलं. काही वर्षांपूर्वी आमच्याकडे राहायला येताना आईने ते साताऱ्याहून डब्यात घालून, मांडीवर धरून आणलं होतं, आणि तेव्हापासून आमच्याकडे त्याचंच दही लागत होतं. काकांना दह्याची शिसारी. तरी रोज आमच्या ओट्याशी उभं राहून ते दही लावत आणि नाक धरून खात.

आई गेली. आम्ही परतलो, तर काका दारातच मान खाली घालून उभे. "दिवसभर वीज नव्हती रे. दह्याला तार आली. टाकावं लागलं."

मला रडू आवरेना. आईचं म्हणून तेवढंच उरलं होतं.

"अरे, ऐक तरी!" काका घाबरून म्हणाले. "एकाच घरात कशाला ठेवू? ज्या ज्या घराची किल्ली परत केली, तिथे थोडं विरजण देऊन आलो. खातीपुऱ्याहून सकाळीच परत आणलंय. आत लागतंय. भांडं हलवू नकोस."

गुडघ्यांमुळे आईला जिना उतरवत नसे. जयपुरात ती कुणाच्याच घरी गेली नाही. आता कुणाकडेही जेवायला बसलो की पानात तिचं दही येतं. पोट भरलेलं असलं, तरी मी पुन्हा मागून घेतो.